बारा म्हाताऱ्यांचं चुंबक

बजाजनगर,
४ ऑगस्ट २०२५

राजनंदिनी बाळा,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढं सगळ्या काळज्याच आहेत.

तुझं पत्र मिळालं. फोन न करता पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरतो, अशी तुझ्या आईची तक्रार आहे. पत्रात तसं होत नाही.

तू लिहितेस की तुमचं मशीन बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून आपल्या शहरातल्या दवाखान्यात आणून तपासायचंय, आणि त्यासाठी साठीच्या पुढची, धडधाकट बारा माणसं हवीत. बाळा, साठीच्या पुढची म्हणशील तेवढी देतो, धडधाकट कुठून आणू? तरी बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांना विचारलं. फारूख लगेच तयार झाला. कंपनीत आमची एकच पाळी होती, मी जातो तिथं तो येतो. शेजारचा फकिरा बायकोला विचारून सांगतो म्हणाला, आणि बायको मुक्ताबाई म्हणाली, "तुम्ही एकटे कशाला मरायला जाता, मीपण येते." धम्मपाल गुरुजींनी मात्र पन्नास प्रश्न विचारले. तू डॉक्टर आहेस पण औषध देत नाहीस, हे त्यांना समजावताना माझा घसा बसला.

आता माझे प्रश्न. मशीन सुई टोचतं का? आत कोंडून घालतं का? आणि यावर तुझी नोकरी अवलंबून आहे असं तुझा बाप जेवताना बोलला, ते खरं का? खरं असेल तर उत्तीर्ण व्हायला आम्हाला किती गुण लागतात ते आधीच कळव. मी सातवीत परीक्षेला घाबरून शाळा सोडली, हे तुला माहीत आहे.

तुझा आबा

●

बंगळुरू,
१३ ऑगस्ट २०२५

आबा, नमस्कार करते, आणि तुमच्या काळज्या एकेक करून घेते.

सुई नाही, कोंडणं नाही. मशीन अंगाला शिवतही नाही. तुम्ही खाटेवर उताणं पडायचं, छातीच्या वर थोड्या अंतरावर एक डबी येते, बस. त्या डबीत साखरेच्या दाण्याएवढा हिरा आहे. खाणीतला नाही, कारखान्यात बनवलेला. त्यात मुद्दाम डाग ठेवलेले असतात: कार्बनच्या एखाद्या कणाच्या जागी नायट्रोजन बसवायचा आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी सोडायची. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की तो डाग लाल चमकतो, आणि आसपास जरासं चुंबकत्व आलं तरी त्याची चमक बदलते. हृदय धडकतं तेव्हा त्यात वीज फिरते, आणि वीज फिरली की चुंबकत्व येतंच. ते आम्ही हिऱ्याकडून वाचून घेतो. याला क्वांटम सेन्सर म्हणतात. उद्या खेड्यातल्या दवाखान्यातही तारा न चिकटवता हृदय तपासता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

अडचण एकच. हृदयाचं चुंबकत्व फार क्षीण असतं. जमिनीतून येणाऱ्या चुंबकत्वाच्या दहा लाखाव्या भागाएवढंही धड नाही. त्यामुळे येताना अंगावर लोखंड नको: घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल काही नको. आणि मापताना हलायचं नाही.

नोकरीचं पप्पा बोलले ते खरं आहे. माझी नेमणूक या प्रकल्पापुरती आहे आणि प्रकल्प डिसेंबरात संपतो. नोव्हेंबरात समिती दवाखान्यात येऊन मशीन चालताना बघणार. चाललं तर मुदत वाढेल, नाही तर माझी सात वर्षांची मेहनत कपाटात जाईल. त्याआधी सप्टेंबरात एकदा रंगीत तालीम करू. गुण वगैरे काही नसतात, आबा. तुम्ही फक्त या आणि पडून राहा.

तुमची राजनंदिनी

●

बजाजनगर,
२५ ऑगस्ट २०२५

बाळा, खुशाल असशील. मी नाही.

हिरा डागाचा आहे हे मी बागेत सांगायला नको होतं. मुक्ताबाई म्हणाली, "एवढी शिकली पोरगी, आन् सरकारनं तिला डागी हिरा दिला व्हय?" मी सांगितलं की डागानंच काम होतं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच हिरा विकायला निघालोय.

पण खरी काळजी वेगळी. तू लिहिलंस, हृदयाचं चुंबकत्व क्षीण असतं. ते वाचल्यापासून मला नीट जेवण जात नाही. तरुणांचं क्षीण असेल, तर आमचं काय उरलं असेल? तुझी आजी गेली तेव्हापासून माझं हृदय नुसतं कर्तव्य म्हणून चालतंय. ते तुझ्या मशीनला दिसलंच नाही आणि समिती उठून गेली, तर मी तुझ्या बापाला तोंड कसं दाखवू?

म्हणून तयारी सुरू केलीय. तुझ्या आईला लोखंडी कढई माळ्यावरून काढायला लावली. पालक, गूळ, बीट रोज. बीट मला आवडत नाही, पण तुझ्यासाठी खातो. आणखी एक बंदोबस्त केलाय, तो आत्ता सांगत नाही. तुला पडद्यावरच दिसेल.

न हलण्याचा सरावही घेतो. सकाळी बागेत आम्ही बाराजण हिरवळीवर ओळीनं उताणे पडतो, हात सरळ, डोळे मिटून. पहिल्या दिवशी नवा रखवालदार आला आणि आम्हाला पाहून ओरडत फाटकाकडं पळाला. दोन बायका लांबूनच हात जोडून गेल्या. धम्मपाल गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, "कुणी हलू नका. हीच परीक्षा आहे." कुणी हललं नाही. त्यामुळं गर्दी जास्त वाढली. शेवटी पोलीस आले, तेव्हा फकिरा घोरत होता म्हणून आम्ही जिवंत ठरलो.

तुझा आबा

●

बंगळुरू,
२९ सप्टेंबर २०२५

आबा,

तालमीला तुम्ही सगळे आलात, शिस्तीत पडून राहिलात, त्याबद्दल आधी सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. निघताना मी नीट बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

तालीम पार बिघडली. हृदयाची रेघ समुद्राच्या लाटेसारखी बारीक वर-खाली व्हायला हवी. तुमच्यातला कुणीही मशीनखाली आला की पडद्यावर डोंगर उभा राहत होता. असायला हवं त्याच्या हजारो पट मोठं काहीतरी. परत आल्यापासून आम्ही मशीन सुटं करून बसलोय. आधी मशीन ज्या गाड्यावर ठेवलंय त्याच्या चाकांवर संशय घेतला, ती बदलली. मग दवाखान्याच्या लिफ्टवर, मग मागच्या विजेच्या डीपीवर. माझी कामातली जोडीदार आमरीन सगळ्या तारा पुन्हा जोडतेय. आमचे सर म्हणाले, "हे यंत्र प्रयोगशाळेबाहेर जगणारं नाही, समितीला तसं कळवून टाकू का?" मी नोव्हेंबरपर्यंत थांबा म्हणाले. का म्हणाले ते मलाही माहीत नाही.

आबा, आठवून सांगा. कुणाच्या अंगावर लोखंड राहिलं होतं का? एखादी किल्ली, कानातलं यंत्र, काहीही?

राजनंदिनी

●

बजाजनगर,
७ ऑक्टोबर २०२५

अगं वेडे,

हजारो पट मोठं आलं म्हणतेस, आणि वर रडतेस? तुझं पत्र मी बागेत मोठ्यानं वाचून दाखवलं. "डोंगर" शब्दाला टाळ्या पडल्या. फकिरा म्हणाला, "लई भीती होती, आपलं काय दिसतं का नाय. डोंगर निघाला!" फारूखनं सगळ्यांना चहा पाजला.

तुझ्या सरांचा स्वभाव मला कळला. आमच्या कंपनीतही एक साहेब होते. माल जास्त निघाला की त्यांना मशीनवर संशय यायचा. तू मनाला लावून घेऊ नकोस.

लोखंडाचं विचारतेस, तर शपथेवर सांगतो, कुणाकडं नव्हतं. घड्याळं, किल्ल्या, चष्मे, फारूखची पानाची डबी, सगळं मी स्वतः एका पिशवीत गोळा करून बाहेर ठेवलं. आमच्या अंगावर कापडाशिवाय काही नव्हतं.

नोव्हेंबरची काळजी करू नकोस. यावेळी याहून मोठं काढून दाखवू. बंदोबस्त दुप्पट करतोय.

तुझा आबा

●

बजाजनगर,
१० ऑक्टोबर २०२५

बेटी राजनंदिनी,

फारूखचाचाचा सलाम. मी मराठी शाळेत शिकलो, लिहितो बरा, तरी चुकलो तर माफ कर.

एक छोटं काम आहे. तुला ठाऊक असेल, रिटायर झाल्यावर मी आरोग्याच्या चुंबकी पट्ट्यांची एजन्सी घेतली. कमरेचा, गुडघ्याचा, छातीचा, सगळे आहेत. जाड कापडात छोटी छोटी चुंबकं शिवलेली असतात, वरून कळतही नाही. धंदा थंड होता. पण ऑगस्टमध्ये तुझा आबा, कडूबा, घाबरत घाबरत आला. म्हणाला, "फारूख, पोरीच्या मशीनला आपलं हृदय दिसलं पाहिजे, कायतरी कर." मी दोस्तीत बारा छातीचे पट्टे दिले, बनियनच्या आतून घालायला. आणि मग तुझं पत्र आलं! हजारो पट! बेटी, मी गेली तीन वर्षं लोकांना सांगतोय की पट्ट्यानं फरक पडतो, कुणी ऐकत नव्हतं.

तर तुझ्या संस्थेच्या कागदावर एवढंच लिहून दे, की फारूखचाचाच्या पट्ट्यानं हृदयाची ताकद हजारो पट वाढते, हे हिऱ्याच्या मशीननं पाहिलं. खाली सही, आणि जमलं तर मशीनशेजारी माझा फोटो. इन्शाअल्ला नोव्हेंबरात मी पुढचे-मागचे मिळून चोवीस पट्टे आणतो.

तुझा चाचा फारूख

●

बंगळुरू,
१६ ऑक्टोबर २०२५

आबा!

फारूखचाचांचं पत्र वाचून मी आधी खुर्चीवर बसले. मग आमरीनला वाचून दाखवलं. ती आधी जमिनीवर बसली आणि मग हसत लोळली. मी हसले नाही. मी आठ रात्री त्या गाड्याची चाकं काढत होते, आबा!

मशीनला तुमची हृदयं दिसलीच नाहीत. दिसली ती चाचांची चुंबकं. घरात कोपऱ्यात मुंगी चालतेय तिचा आवाज ऐकायला आम्ही कान लावून बसलो, आणि तुम्ही बाराजण ढोल बडवत आत आलात. वर मी लोखंड होतं का विचारलं तर शपथ घेतलीत!

पप्पांना फोन केला, तर म्हणाले, "माझं कुठं ऐकतात, तूच लिही." म्हणून लिहिते. ते पट्टे काढायचे. छातीचे, कमरेचे, सगळे. नोव्हेंबरात एकही चालणार नाही. समितीसमोर तो डोंगर पुन्हा उभा राहिला तर सर म्हणतात तेच खरं ठरेल, आणि मला दुसरी संधी नाही.

लोखंडी कढईतलं खायला हरकत नाही. बीट सोडलंत तरी चालेल.

राजनंदिनी

●

बजाजनगर,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. राजनंदिनी,

तुझं पत्र चारदा वाचलं. बागेत वाचून दाखवलं नाही. पट्टे फारूखला परत दिले. तो म्हणाला, "कडूबा, पण फरक तर पडला ना?" मी म्हणालो, "पडला, माझ्या नातीच्या नोकरीवर." पेठेतल्या गिऱ्हाइकांना तुझं नाव सांगणार नाही असं कबूल केलंय त्यानं.

आता माझं ऐक. मी नोव्हेंबरात येत नाही. अकरा जण ने. पट्टा काढल्यावर माझ्यात काय दिसणार ते मला माहीत आहे. पडद्यावर सरळ रेघ येईल, समितीतले साहेब एकमेकांकडं बघतील, आणि तू म्हणशील, हे माझे आबा. त्यापेक्षा मी घरी बरा. मी मुद्दाम खोटं बोललो नाही गं. चुंबक कापडात होतं, मी त्याला कापडच धरलं. तू म्हणालीस क्षीण आहे, म्हणून मी भर घातली. दुधात पाणी घालतात तसं नव्हतं ते. पाण्यात दूध घालत होतो.

तुझा आबा

●

बंगळुरू,
३१ ऑक्टोबर २०२५

आबा,

सोबत एक कागद आहे, तो आधी बघा, मग पत्र वाचा.

बघितलात? ती बारीक रेघ माझी आहे. काल मी स्वतः मशीनखाली पडले. शेकडो ठोक्यांची सरासरी काढली, तेव्हा कुठं एवढंसं टेंगूळ दिसलं. मी तिशीची, रोज धावायला जाते, बीटही आवडीनं खाते, तरी एवढंच. सरांचं याहून बारीक आलं. कुस्तीगिराला झोपवलं तरी तेवढंच येईल. क्षीण म्हणजे आजारी नव्हे, आबा. सगळ्यांचं तसंच असतं, म्हणून तर मला सात वर्षं लागली.

आणि चाचांनी फोनवर सांगितलं, कडूबा नसेल तर बाकी कुणी येणार नाही. मुक्ताबाई म्हणतात, "ज्यानं बोलावलं तोच पळाला, मग नक्की कायतरी काळंबेरं हाय." बारातला एक गेला तर अकरा उरत नाहीत, आबा, शून्य उरतं. आता तुम्हीच ठरवा.

तुमची राजनंदिनी

●

बजाजनगर,
२० नोव्हेंबर २०२५

राजनंदिनी बाळा,

तू समितीबरोबर विमानानं गेलीस, निकाल कळलाच नाही. इथं माझा जीव टांगलेला आहे. तू आतल्या खोलीत होतीस, बाहेर काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. काही चुकलं असेल तर बाहेरच चुकलं असेल, म्हणून सगळं लिहितो.

आमरीन होकायंत्र घेऊन प्रत्येकाच्या अंगावरून फिरवत होती. गुणी पोरगी आहे, हसू दाबत होती. मी पास झालो. मुक्ताबाईला वाटलं जोडवी काढायला लावणार. म्हणाली, "काढायची नाय. माझा माणूस समोर जिता बसलाय."

फकिरा म्हणाला, "काढ की. घंटाभर मी मेलो असं समज."

"तुमचा काय भरवसा, खरंच जाल."

आमरीन म्हणाली, "मावशी, चांदी चालते, राहू द्या." मुक्ताबाईनं फकिराकडं असं पाहिलं, जसं तो वाचला ते तिच्यामुळंच.

मग फारूखची पाळी. छातीपाशी होकायंत्र शांत. कमरेपाशी शांत. पायापाशी आलं आणि काटा गरगर फिरला. चपलेच्या आत चुंबकी तळवे! मी म्हणालो, "फारूख, तू शब्द दिला होतास." तो म्हणाला, "शब्द छातीचा दिला होता. पायाचं हृदयाशी काय नातं?" धम्मपाल गुरुजींनी त्याच्या चपला उचलल्या आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या. त्या चोरीला गेल्या. फारूख बसमधून अनवाणी आला, पण तुला सांगू नको म्हणाला.

मग मी खाटेवर पडलो. डोळे मिटून तुझ्या आजीला म्हणालो, थोडी मदत कर, पट्टा नाही. मोजणी संपल्यावर तू म्हणालीस, "आबा, बघा." मी पाहिलं. ते टेंगूळ. बारीक, पण होतं. परत आलं. परत आलं. चष्मा पिशवीत होता म्हणून मी डोळे पुसले, दुसरं काही नाही. समितीतल्या त्या पांढऱ्या केसांच्या बाई काहीतरी लिहीत होत्या. चांगलं लिहीत होत्या का? तोंड तर गंभीर होतं. कळव. लवकर कळव.

तुझा आबा

●

बंगळुरू,
२८ नोव्हेंबर २०२५

आबा,

मुदत वाढली. दोन वर्षं. पप्पांना फोन केला तेव्हा तुम्ही बागेत होतात, आणि तुम्हाला तर पत्रच लागतं, म्हणून हे पत्र.

त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी सगळ्यात अवघड प्रश्न विचारला. "प्रयोगशाळेत सगळे नियम पाळतात. खऱ्या वॉर्डात माणसं काय काय घालून येतात, त्याचं काय करणार?" मी सप्टेंबरचे डोंगर काढून दाखवले. तालमीतल्या त्या बारा नोंदींवरून आमरीननं मशीनला शिकवलंय: असा डोंगर दिसला की मोजणी थांबव आणि सांग, रुग्णाच्या अंगावर चुंबक आहे. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?" आता पुढचं काम आपल्याच शहरातल्या वॉर्डात होणार. जानेवारीत मी घरी राहायला येतेय. आईला माझी खोली झाडायला सांगा.

फारूखचाचांना यातलं एक अक्षर कळू देऊ नका. ते छापून वाटतील.

आणि हो, कुणाचा आलेख कसा आला हे मला कुणी विचारू नये. नियमानं सांगता येत नाही.

तुमची राजनंदिनी

●

बजाजनगर,
५ डिसेंबर २०२५

बाळा,

तुझं पत्र वाचून मी देवाला साखर ठेवली आणि बागेत पेढे वाटले. खोली झाडून झाली. फारूखला काही सांगितलं नाही, फक्त मुदत वाढली एवढंच. तो म्हणाला, "कडूबा, खरं सांग, माझंच चांगलं आलं असणार. मी बिडी ओढत नाही." मी त्याच्या हातावर दुसरा पेढा ठेवला. तेव्हापासून तो बागेत छाती काढून चालतो. मुक्ताबाईसुद्धा त्याला आधी बसायला जागा देते.

आता तू म्हणालीस की सगळ्यांचं तेवढंच असतं, आणि मी ते मानलंय. नियमही मला कळतो. नोकरी नुकती वाचलीय, ती धोक्यात घाल असं मी कधी म्हणणार नाही. तू नाव घेऊ नकोस, आकडा लिहू नकोस. पुढच्या पत्रात नुसतं लिही, "आबा, निवांत झोपा." मी समजून घेईन.

फारूखचं माझ्यापेक्षा मोठं असेल, तर काहीच लिहू नकोस.

तुझा आबा